चाळीस टक्के

आरटीओच्या साहेबांनी गाडीखाली आडवं होऊन लोखंडी पट्टीवर पांढरा कागद धरला आणि त्यावर पेन्सिल घासायला सुरुवात केली. इतर गाड्यांवर अशी पेन्सिल फिरवली की सांगाड्यावर ठोकलेला नंबर हळूहळू कागदावर उमटतो. या कागदावर फक्त ग्राइंडरचे ओरखडे आले. साहेबांनी आणखी दोन ठिकाणी घासून पाहिलं, मग कोपरं झटकत ते बाहेर आले आणि तो काळपट कागद त्यांनी भटूनानांच्या हातात दिला.

"नंबर कुठे ठोकलाय?"

"नंबर नाही साहेब. घरी बनवली आहे. बठ्ठी, सगळी मीच बनवली."

"मग ही गाडी नाही. चालतं भंगार आहे."

पासिंगसाठी रांगेत उभे असलेले रिक्षावाले हसले. भटूनानांनी कागदाची चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवली. पाइपच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी वेल्डिंग केलं होतं. त्यांच्या हातचा जोड कधी गळला नव्हता. निवृत्त झाल्यावर पिंप्राळ्याच्या घरामागे पत्र्याची शेड टाकून तीन वर्षं ते या गाडीमागे होते. इंजिन जुन्या मालरिक्षाचं, स्टिअरिंग भंगारातल्या व्हॅनचं, बाकी पट्टी न् पट्टी स्वतः कापलेली. रंग शेंदरी. नंबर नसल्यामुळे ती रस्त्यावर आणता येत नव्हती, म्हणून टेम्पोत दोरांनी बांधून आणली होती.

"नाना, तुमची गाडी तर गाडीत बसून आली," हितेंद्र म्हणाला. तो गेटबाहेर लिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज भरून द्यायचा. "आता तिला पोरगी म्हणून सासरी पाठवा. घरात ठेवून काय उपयोग?"

साहेबांनी चाचणीचं सांगितलं. पुण्याला पाठवायची, तिथे आपटून, धडकवून बघतात, ते मोठ्या कंपन्यांचं काम. बोलत बोलत ते दुसऱ्या गाडीकडे निघाले आणि जाता जाता थांबले.

"घरात कोणी अपंग आहे का?"

"का साहेब?"

"त्यांच्यासाठी खास बनवलेलं वाहन असेल, तर फाइल वर पाठवून बघता येईल. होईलच असं नाही. पण चाळीस टक्क्यांचा दाखला पाहिजे. त्याच्या खाली काही बोलू नका."

"आहे साहेब," भटूनाना म्हणाले. "बायको आहे!"

ते इतक्या आनंदाने म्हणाले, की साहेबांनी त्यांच्याकडे पुन्हा एकदा नीट बघितलं.

बेबाबाईंचा डावा गुडघा मागच्या वर्षी मोडला होता. गाडीचा नुसता सांगाडा विटांच्या थप्प्यांवर उभा होता. भटूनाना वेल्डिंग करत होते आणि बेबाबाई दुसऱ्या टोकाला पट्टी धरून बसल्या होत्या. एक थप्पी सरकली. लोकांना सांगताना मात्र त्या न्हाणीत पडल्या असं सांगायचं ठरलं, कारण शेडवरून शेजारच्यांची आधीच कुरकुर होती.

ऑपरेशननंतर भटूनानांनीच त्यांना व्यायामाचा घोडा करून दिला होता. जुन्या सायकलची दोन पायडलं, खाली पाइपची चौकट, वर हिरवा रंग. खाटेवर बसून बेबाबाई रोज सकाळी ती पायडलं फिरवायच्या. आधी दहा फेरे, मग पन्नास, मग दोनशे. दात आवळून फिरवायच्या. धुळ्याला दिलेली मोनाली पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, तर बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायला जमिनीवर बसता आलं पाहिजे. बेबाबाईंना अजून पाटावर बसता येत नव्हतं, पण मोरीच्या उंबऱ्यावर टेकता येत होतं. उंबरा वीतभर उंच. उरली होती ती तेवढी वीत.

भटूनाना टेम्पोतून घरी आले आणि त्यांनी हितेंद्रने भरलेला अर्ज दाखवला. बेबाबाईंनी चष्मा लावून तो अर्ज वाचला. गाडी कोणासाठी, या रकान्यात त्यांचं नाव होतं.

"हाई गाडी मनासाठे शे?"

"मंग कोनासाठे?"

"माले तं आतेच समजनं," त्या म्हणाल्या आणि पायडलं फिरवायला बसल्या.

हितेंद्रच्या ओळखीचा एक बातमीदार चार दिवसांनी येऊन फोटो काढून गेला. अपंग पत्नीसाठी पतीने बनवली गाडी, अशी बातमी आली. फोटोत भटूनाना बॉनेटवर हात ठेवून उभे होते. बेबाबाईंना खुर्चीवर बसवून काठी पुढे धरायला लावली होती. त्या दिवशी पारोळ्याहून भटूनानांच्या भावाचा, प्रेमराजचा फोन आला. वहिनी अपंग कधी झाल्या, असं तो विचारत होता.

दाखल्याच्या तपासणीच्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. बेबाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. नाव पुकारल्यावर त्यांनी काठी दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवली आणि त्या आत गेल्या. दारापासून टेबलापर्यंत बारा पावलं. त्या बाराही पावलं सरळ चालल्या. डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याला कोन मोजायची पट्टी लावली.

"काय झालं होतं?"

"न्हाणीत पडली," भटूनाना म्हणाले.

"फार छान सुधारणा आहे. व्यायाम कोण करून घेतं?"

"आमच्या ह्यांनीच बनवून दिलंय," बेबाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

कागदावर अडतीस टक्के आले. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, असं खाली लिहिलं होतं.

भटूनाना रिक्षाने त्यांना घरी घेऊन आले. घराचं दार लावल्यावर म्हणाले,

"मिरवाले उनी व्हती का तठे?"

"त्या बाईनी चाल म्हनं, मी चालनी."

"दोन टक्का कमी पडनात. दोन! काठी का ठेवी बाहेर?"

बेबाबाईंनी लुगड्याची घडी घातली, कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाटेवर येऊन बसल्या तेव्हा खाटेखाली घोडा नव्हता. शेडमधून कटरचा आवाज येत होता. त्या काठी टेकत दारापर्यंत गेल्या. भटूनानांनी हिरवी चौकट शिकंज्यात आवळून धरली होती आणि पाइप कापून झाला होता.

"साहेबांनी हॅण्डब्रेक सांगेल शे," मान वर न करता ते म्हणाले. "याच मापाचा पाइप पाहिजे व्हता."

"बाजारमा पाइप नही का?"

"सहा महिन्याची तं गोष्ट शे. दाखला मिळू दे, मंग नवा करी देसू. याच्यापेक्षा चांगला."

ठिणग्या उडत होत्या. बेबाबाई आत गेल्या.

मोनाली दर रविवारी धुळ्याहून फोन करून विचारायची, आई, फेरे किती झाले? बेबाबाई म्हणायच्या, दोनशे. पुढे अडीचशे म्हणू लागल्या. खाटेवर बसून त्या पाय नुसता हलवून बघायच्या, पण भटूनाना घरात असले की ते म्हणायचे, कशाला उगाच त्रास देतेस त्याला. एरंडाची पानं शेकायला घेतली तर गॅस बंद करायचे. मारलं कधी नाही, आवाजही चढवला नाही. चहा करून हातात आणून द्यायचे, पाणी आणून द्यायचे, खाटेवरून उठू द्यायचे नाहीत. शेजारच्या लताबाई म्हणायच्या, असा नवरा मिळायला नशीब लागतं.

तिसऱ्या महिन्यात मोरीचा उंबरा जमेनासा झाला. पाचव्यात खुर्चीवरही पाय पुढे सोडूनच बसावं लागू लागलं. मोनालीच्या सासूने बाळंतपण धुळ्यालाच करायचं ठरवलं. मुलगी झाली. बेबाबाईंनी तिला मोबाइलवर पाहिलं. कोणीतरी सुईण बाळाला पायांवर पालथं घेऊन पाणी घालत होती. बेबाबाई मोबाइल डोळ्यांजवळ धरून शेवटपर्यंत बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पाणी जास्त गरम आहे. पोरगी लाल झाली."

दुसऱ्या तपासणीला काठी बाहेर ठेवायचा प्रश्न नव्हता. डॉक्टरीणबाईंनी दोनदा कोन मोजला, आधीचा कागद बघितला, पुन्हा मोजला.

"व्यायाम बंद केला का आजी?"

बेबाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"वय झालं," भटूनाना म्हणाले. "कंटाळा करते."

कागदावर चोपन्न टक्के आले. भटूनानांनी तो दाराबाहेर येऊन तीनदा वाचला. रिक्षा थांबवून पेढे घेतले, रिक्षावाल्याला दिला, हितेंद्रला दिला, गल्लीत वाटले. शेवटचा बेबाबाईंच्या तोंडाजवळ धरला. त्यांनी तोंड उघडलं.

वरून फाइल परत आली ती पंधरवड्याने. खात्री करून घ्यावी, एवढंच त्यावर होतं. तेच मैदान, तेच साहेब. गाडी टेम्पोतून उतरवली. शेंदरी रंगावर भटूनानांनी झेंडूची माळ घातली होती. या वेळी रिक्षावाले हसले नाहीत, त्यांनी बातमी वाचली होती. एकाने गाडीसोबत फोटो काढून घेतला. हितेंद्रने बेबाबाईंना खुर्ची दिली.

साहेबांनी दिवे बघितले, हॉर्न वाजवला, हॅण्डब्रेक ओढून गाडी ढकलायला लावली. गाडी हलली नाही.

"ब्रेक पक्का आहे नाना."

"जोड माझा आहे साहेब."

साहेबांनी बेबाबाईंकडे वळून विचारलं, "गाडी तुमच्यासाठीच बनवली ना आजी?"

"पेपरात तसंच आलंय, साहेब."

साहेब हसले. त्यांनी पेन काढलं, पाटीवर कागद ठेवला.

"ठीक आहे. एकदा बसून दाखवा, एक फोटो घेतो, म्हणजे झालं."

भटूनानांनी दार उघडलं. बेबाबाई खुर्चीवरून उठल्या, काठी टेकत आल्या. आधी त्यांनी चांगला पाय आत घातला आणि बैठकीवर अंग टेकवलं. डावा पाय बाहेर राहिला. तो सरळ होता, टाच मैदानातल्या मातीत. भटूनानांनी वाकून तो दोन्ही हातांनी उचलला आणि आत घ्यायला गेले. नडगी दाराच्या पट्टीला लागली. त्यांनी पाय तिरका केला, मग बेबाबाईंना मागे सरकायला सांगितलं, मग पुढे. आत पायासाठी ठेवलेली जागा त्यांनी स्वतः बसून, स्वतःच्या मापाने केली होती.

"जरा वाकव," ते हळूच म्हणाले. "थोडाच."

बेबाबाईंनी आधाराला हात पुढे केला, तो हॅण्डब्रेकच्या दांड्यावर पडला. शेंदरी रंगाचा एक पापुद्रा निघाला होता आणि खालचा हिरवा दिसत होता. नखाने त्या तो आणखी खरवडू लागल्या.

"वाकव ना!"

भटूनानांनी दोन्ही हातांनी त्यांचा गुडघा दाबला. बेबाबाईंचं खरवडणारं नख थांबलं. साहेबांनी पेनला टोपण लावलं.

"राहू द्या नाना. सोडा त्यांना."

भटूनानांनी पाय सोडला. पाय परत सरळ झाला. मग त्यांनी खिशातून टेप काढली, दाराचं माप घेतलं, डॅशबोर्डपासून बैठकीपर्यंतचं घेतलं. मग गुडघे टेकून टेपचं एक टोक बेबाबाईंच्या गुडघ्यावर धरलं आणि दुसरं टाचेपर्यंत नेलं.

"टोक धर," ते म्हणाले.

बेबाबाईंनी टोक धरलं.