नळाच्या पाया पडा

आरोग्य केंद्रासमोर बाबांचा मंडप लागला आणि केंद्रातले बाक ओस पडले. बाबा काळाबरोबर चालणारे. गादीशेजारी साखर मोजायचं यंत्रच ठेवलेलं! आकडा दिसला की शिकलेलेही माना डोलवायचे.

"द्राक्षं मुठीत चुरडा! रोग बोटांत उतरू द्या!" बाबा गरजायचे. चेला बोट टोचून थेंब यंत्राला लावायचा. आकडा चारशेच्या पुढे! मग मंतरलेल्या पाण्यानं हात धुवायचे, पुन्हा थेंब, आणि आकडा दीडशेच्या आत. "गेली साखर! आता गोळ्या बंद, सुई बंद!"

केंद्रात नुकतीच शिकायला लागलेली नर्सिंगची विद्यार्थिनी दुपारी बाहेर आली, तर मंडपाच्या दारात तिची मावशी. आई गेल्यावर तिला वाढवलं ते हिनंच.

"सुटले गं बाई!" मावशी म्हणाली. "उद्यापासून इन्सुलिन नाही."

इन्सुलिन सोडलेल्या एका बाईला बेशुद्ध आणलेलं पोरीनं केंद्रात पाहिलं होतं. ती तडक मंडपात घुसली.

"बाबा, माझी साखर बघा."

बाबा खुलले. नर्सबाईच शरण आली म्हटल्यावर काय! द्राक्षं चुरडून झाली, थेंब लावला. आकडा बाबांच्या आवाजासारखा चढलेला.

"पोरी, तुला तर भयंकर रोग!"

"हो का? थांबा जरा." तिनं बाहेरच्या नळावर साबणानं हात धुतले, कोरडे केले आणि पुन्हा थेंब दिला. नव्वद.

"नळानं मला बरं केलं," ती लोकांकडे वळली. "आता नळाच्या पाया पडा."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. बाबा उसळले, "हा माझ्या दृष्टीचा प्रभाव!"

"मग डोळे मिटून बसा. कोण येतंय पुढं?"

किराणा दुकानदार आला, मागून त्याची बायको. द्राक्षं चुरडली की आकडा वर, साबण लावला की खाली. बाबांचे डोळे मिटलेलेच राहिले. चेला मात्र चटया गुंडाळायला लागला.

"बोटाला रस लागलेला असला की यंत्र रसातली साखर मोजतं," पोरगी म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात मी रखवालदाराची साखर त्याचे हात न धुता मोजली. तो द्राक्षं खात बसला होता. आकडा बघून मी 'डॉक्टर, डॉक्टर' करत धावले आणि सिस्टरनी मला अशी झाडली की विचारू नका. मी चुकून केलं. हे महाराज ठरवून करतात."

"अगं, पण मला तर खरंच साखर आहे," मावशी म्हणाली. "हात धुतल्यावर माझी कमी कशी आली?"

"सकाळी मी टोचलेल्या सुईनं, मावशी!" पोरीचा आवाज चिरकला. "तीच तू उद्यापासून बंद करणार होतीस."

दुसऱ्या दिवशी मावशीनं कुरकुर न करता सुई टोचून घेतली.

बाबा सध्या दुसरीकडे कुठंतरी द्राक्षं वाटत असतील. तुमच्याकडे आले तर चमत्कार जरूर बघा. फक्त आधी साबणानं हात धुवा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई सोडू नका.