मागून येणारं वादळ

विहंगचा फोन आज येणार हे शकुनला पक्कं ठाऊक होतं. वर्षभर ती याच फोनची वाट बघत होती.

शनिवारची दुपार होती. कोलकात्यातल्या सॉल्ट लेकमधल्या त्या हवामानाचे अंदाज विकणाऱ्या कंपनीत सुट्टीच्या दिवशी एकाच माणसाची पाळी असते, आणि आज ती शकुनने मागून घेतली होती. समोरच्या पडद्यावर रडारचं चित्र हलत होतं. झारखंडच्या पठारावर उठलेल्या ढगांचे लाल डाग बांकुडा ओलांडून मेदिनीपूरकडे सरकत होते. त्यांच्या वाटेत पुढे मंदारमणीचा किनारा होता. विहंगने सकाळीच जगाला फोटो टाकून कळवलं होतं की आज तिथे त्याचा सर्फिंगचा क्लब उतरलाय आणि सोबत एका बड्या कंपनीचे पाहुणेही आहेत.

त्याचा क्लब! शकुनला हे दोन शब्द वाचले तरी पित्त खवळायचं. क्लब दोघांनी मिळून काढला होता. कोलकात्यात राहून सर्फिंग म्हटलं की लोक हसायचे, पण उन्हाळ्यात दूर दक्षिणेच्या महासागरातून कधीकधी लांबलचक लाटा उपसागरात चढून येतात आणि एरवी आळसावलेला तो समुद्रही मग मान वर काढतो. पहाटे वारा मंद असतो तेव्हा त्या लाटा सुंदर उभ्या राहतात. दुपारी नैर्ऋत्येचा वारा सुटला की त्यांचा पार चिवडा होतो. कुठल्या दिवशी अंधारात गाडी काढायची आणि कुठल्या दिवशी घरी लोळत पडायचं, हे शकुन सांगायची. पाण्यात उभं राहून शिकवायचा विहंग. दिसायचा अर्थात तोच.

गेल्या वर्षी चैत्राच्या सुरुवातीला तिने त्याला फोनवर बजावून सांगितलं होतं, "तीनच्या आत सगळ्यांना बाहेर काढ. कालबैशाखी येतेय. वारा एकदम पडेल, पाणी आरशासारखं होईल. त्याला भुलू नकोस."

पण विहंग मालवणचा. त्याच्या गावी वादळ समुद्रावरून येतं. आभाळ बघायचं तर तो समुद्राकडे तोंड करून बघतो, बाप-आजा तसंच बघत आले. कालबैशाखी, म्हणजे बंगालातलं उन्हाळी वादळ, जमिनीवरून येतं, पाठीमागून, आणि पाण्यातल्या माणसाला आत ढकलत नेतं. त्या दिवशी क्षितिज स्वच्छ होतं, वारा पडला होता, लाटा काचेसारख्या झाल्या होत्या, आणि हा बाबा पाण्यातच थांबला. क्लबात शिकणारी मुग्धा बोर्डसकट आत वाहत गेली. संध्याकाळी मासेमारीच्या ट्रॉलरवाल्यांनी तिला उचललं तेव्हा पोरगी जिवंत होती, पण बर्फासारखी गार पडली होती.

आणि विहंगने काय केलं? किनाऱ्यावर ढसाढसा रडला आणि खापर शकुनच्या डोक्यावर फोडलं. "शकुन म्हणाली होती, दिवसभर साफ आहे." रडणाऱ्या माणसावर लोक विश्वास ठेवतात. इथल्या मराठी मंडळींत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मुग्धाच्या आईने, सरलाकाकूंनी, बायकांच्या रांगेत शकुनपर्यंत येऊन कुंकवाची कोयरी तशीच पुढे नेली. पन्ह्याचा पेला हातात धरून ती बसून राहिली. अंदाज सांगणं हीच जिची कमाई, तिचा शब्द त्या दिवशी कवडीमोल झाला. तिने तेव्हाच मनात गाठ बांधली.

आज लाल डागांना किनाऱ्याच्या दिशेने टोक फुटलेलं तिला दोनच्या सुमारास दिसलं. फोन शेजारीच होता. तिने तो उचलला नाही. वेळ आहे अजून, तिने स्वतःला सांगितलं. त्याला करू दे फोन. गेल्या वर्षीच्या अनुभवाने तो एवढं तर शिकला असेल. वारा पडला की त्याची पाचावर धारण बसेल आणि तो नाक मुठीत धरून येईल.

आणि आला.

"शकुन, मी विहंग," आवाज कापत होता. "वारा पडलाय. पाणी अगदी सपाट झालंय. ॲपवर काहीच दाखवत नाहीये. तुझ्याकडे रडार आहे ना? काय दिसतंय?"

"पाण्यात कितीजण आहेत?"

"सगळेच. पाहुणे, आपली मुलं... सांग ना!"

"मुग्धा?"

"तीही आहे. लांब गेलीय."

शकुन खुर्चीत मागे टेकली. तिच्या अंगातून गोड शिरशिरी गेली. "तुझ्याकडे कर्णा असेल ना, पोरांना हाका मारायचा? हातात घे. गेल्या वर्षी मी तुला काय सांगितलं होतं, ते त्यातून सांग. सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग मी सांगते काय दिसतंय."

"वेड लागलंय का तुला? आत्ता?"

"आत्ताच."

"शकुन, पाया पडतो तुझ्या. कंपनीची माणसं आहेत इथे. आधी सांग, नंतर काय हवं ते—"

"नंतर तू रडशील," ती म्हणाली. "ते मी पाहिलंय."

पडद्यावरचं चित्र बदललं आणि लाल टोक एकदम पुढे सरकलं. तिने धरला होता त्यापेक्षा वेग जास्त होता. सांगून टाक, आतून कुणीतरी म्हणालं. तिने ओठ घट्ट मिटले. वर्षभर गिळलेला अपमान घशाशी आला होता. तो परत गिळायची तिची तयारी नव्हती.

मग कर्ण्याची खरखर ऐकू आली. विहंगचा आवाज किनाऱ्यावर घुमला, "गेल्या वर्षी शकुनने मला सांगितलं होतं! तीनच्या आत बाहेर या म्हणाली होती! मी ऐकलं नाही! मी खोटं बोललो!"

"आता मागे वळून बघ," शकुन म्हणाली. "समुद्राकडे नाही. मागे, गावाकडे."

फोनमधून "आई गं" एवढंच, आणि त्यानंतर कर्ण्यातून एकच शब्द, पुन्हा पुन्हा, "बाहेर! बाहेर!" फोन वाळूत पडला असावा. तिला माणसांचा आरडाओरडा ऐकू आला, आणि त्याच्यावर चढत गेलेली वाऱ्याची शीळ. लाइन तुटली.

शकुन हसली. एकटीच, मोठ्याने हसली. कोयरी पुढे नेणाऱ्या सरलाकाकूंना आजच्या आज कळणार होतं. सगळ्यांना कळणार होतं. नंतर इथेही आभाळ काळवंडलं, खिडक्यांच्या काचा थडथडायला लागल्या, तेव्हा मात्र तिला बसवेना. ती फोन लावत राहिली. कुणी उचलला नाही.

दिवेलागणीला मुग्धाचा फोन आला.

"सगळे बाहेर आलो, ताई," ती म्हणाली. "मी शेवटी होते. वाऱ्याने कुणाचा तरी बोर्ड उडाला, तो कपाळावर बसला. टाके पडलेत. आता कांथीच्या दवाखान्यात आहोत."

"देवाची कृपा," शकुन म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

"विहंगदादा बोलला ते सगळ्यांनी ऐकलं. मी आईलाही सांगितलं. ती तुझ्याकडे येणार आहे माफी मागायला. ताई, एक विचारू? वादळ तुला कधी दिसलं?"

खोटं बोलता आलं असतं. पण वाऱ्याच्या बाबतीत शकुन आजवर कुणाशी खोटं बोलली नव्हती.

"दोनच्या सुमारास."

"मग फोन का नाही केलास?"

"तो करील म्हणून थांबले होते."

"आणि त्याने केला, तेव्हाही आधी कर्णा घ्यायला लावलास. दादाने सांगितलं मला."

"मुग्धा, त्याने माझं वर्ष नासवलं. तुला बुडवलं होतं त्याने!"

"हो," मुग्धा शांतपणे म्हणाली. "पण त्याला तेव्हा वादळ दिसलं नव्हतं, ताई. तुला दिसत होतं. आणि मी पाण्यात आहे, हेही तू त्याला विचारून घेतलं होतंस."

आणि मुग्धाने फोन ठेवला.