लीनाचं मत आणि माझे उतरलेले सेल

मित्रांनो, कपाटाच्या वरच्या खणात धूळ खात बसलेला जुना टेपरेकॉर्डर, तो मीच. माझा जन्म जपानातला. चंदीगडच्या डॉ. विश्वनाथांनी मला घरी आणलं ते भजनं ऐकायला. पण महिनाभरातच त्यांच्या मुलीने, लीनाने मला पळवलं.

लीना अकरावीत होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत. तिला रॉकचं भारी वेड. नवा अल्बम निघाला की बाजारातून कॅसेट भरून आणायची, अथपासून इतिपर्यंत पुन्हा पुन्हा ऐकायची आणि शेवटी जी कोरी टेप उरे तिच्यात माझं लाल बटण दाबून आपलं मत सांगायची. गिटार अव्वल आहे, पण गाणारा विनाकारण रडतो, असं काहीतरी. कुणाचा मुलाहिजा नाही. मग ती कॅसेट कॉलनीत घरोघर फिरे. मुलीला रॉकमधलं काय कळतं म्हणून सुरुवातीला पोरांनी नाकं मुरडली. पुढे तीच पोरं तिचं मत ऐकल्याशिवाय अल्बम घेईनात. मला तर तिचा फार अभिमान वाटे.

पंजाबात ते दिवस वाईट होते. कधी बंद, कधी संचारबंदी. बेवारस ट्रान्झिस्टर दिसला तरी आत बॉम्ब असेल म्हणून लोक लांब पळत. मला पिशवीतून नेताना जवान उलटसुलट करून तपासत. मला अपमान वाटे, पण त्यांचंही बरोबरच होतं.

अशाच एका संचारबंदीत दुपारी वीज गेली. लीनाकडे एका विलायती बँडचा कोरा करकरीत अल्बम आला होता. दुकानं बंद, म्हणून माझ्या पोटात जुनेच सेल. ते उतरत आले होते आणि मी धापा टाकत चाललो होतो. गाणी आधी कधी ऐकलेली नव्हती, त्यामुळे लीनाला काही कळलं नाही. तिने ठणकावून सांगितलं, "पूरा बँड सुस्त है. ड्रमर तो सो ही गया है."

संचारबंदी उठली आणि कॅसेट शेजारच्या अविनाशकडे गेली. त्याच्याकडचं यंत्र विजेवर चालणारं. त्याच्यावर गाणी नुसती दौडत सुटली. शेवटी लीनाचं मत लागलं. रखडत चाललेल्या माझ्यावर भरलेला तिचा आवाज तिथे भरधाव धावला आणि उंदरासारखा चिरकला. ड्रमर झोपलाय म्हणे! पोरं पोट धरधरून हसली.

लीना कानकोंडी झाली. खोलीत जाऊन रडली. इतक्या मेहनतीने मिळवलेला शब्दाचा मान एका दुपारीत गेला होता. अविनाश भला मुलगा. कॅसेट परत घेऊन आला आणि म्हणाला, "यार, लाल बटण दाब आणि पुसून टाक. विसरतील सगळे." डॉक्टरांनाही ते पटलं.

लीनाने डोळे पुसले. "नहीं बाबा. जो बोला है, वो रहेगा. उसके आगे सच भी मैं ही बोलूँगी."

तिने नवे सेल आणले, माझ्यात बसवले आणि सगळा अल्बम पुन्हा ऐकला. मग चुकीच्या मताला हात न लावता त्याच्यापुढे बोलली, "ड्रमर जाग रहा था. मेरे सेल सो रहे थे. जाँचा नहीं, गलती मेरी है." आणि पुढे जोडलं, "पर तीसरा गाना अब भी बेकार है."

दोन्ही मतांसकट ती कॅसेट पुन्हा घरोघर गेली. पोरं या वेळीही हसली, पण पुढच्या अल्बमला तिच्याच दारात आली.

पुढे लीना शिकायला परगावी गेली आणि मी कपाटात गेलो, सेलसकट. ते पोटातच पाझरले, आतून मला गंज चढला. आता मी वाजत नाही. म्हणून मित्रांनो, यंत्र ठेवून देताना त्यातले सेल काढून ठेवा, एवढं माझ्यासाठी करा. आणि तुमच्या वर्गात कुणी मंद वाटला, तर त्याला नावं ठेवण्याआधी विचारा, सकाळपासून त्याच्या पोटात काही गेलंय का.