दुसरी दोरी

मी बंडी बोलतेय. हसू नका! दुकानात मला लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण नागपूरहून लेकाकडे आलेल्या कमलाबाईंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "ही कसली रे बंडी?" तेव्हापासून या घरात मी बंडीच.

माझं काम एकच, बुडणाऱ्या माणसाला वर आणायचं. माझ्या दोन्ही कुशींत गॅसचं बोटभर लांबीचं एकेक नळकांडं असतं. त्या-त्या बाजूची दोरी ओढली की त्याला भोक पडतं, मी टम्म फुगते आणि माणूस वर येतो. वापरलेलं नळकांडं फेकायचं, नवं बसवायचं. इतकं सोपं.

माझा मालक राकेश. सॅन होजेत सॉफ्टवेअरची नोकरी आणि डोक्यात लाटांचं खूळ. तेही साध्यासुध्या लाटांचं नाही बरं! किनाऱ्यापासून अर्धा मैल आत पाण्याखाली खडक आहे. हिवाळ्यात त्याच्यावर तिमजली लाटा उठतात, आणि हा बाबा फळी घेऊन त्यांच्यावर स्वार व्हायचा. आईला सांगायचा, "पोहायला जातो." बायकोला, उपासनाला, सगळं ठाऊक होतं. तो परत येईपर्यंत तिच्या घशाखाली चहा उतरत नसे. "बंडी घातल्याशिवाय पाण्यात पाय ठेवू नकोस," एवढंच म्हणायची. मला त्याचा भारी तोरा होता, खरं सांगते.

जानेवारीतल्या एका रविवारी समुद्रावरून आल्यावर राकेशनं माझी दोन्ही रिकामी नळकांडी काढून वॉशिंग मशीनवर ठेवली. तेवढ्यात ऑफिसचा कॉल आला आणि टाकायची राहूनच गेली. दुसऱ्या दिवशी कमलाबाई गॅरेज आवरायला आल्या. श्रीखंडाचा रिकामा डबासुद्धा न टाकणारी बाई ती. "अगं बाई, एवढं चांगलं स्टील!" म्हणत त्यांनी दोन्ही पदरानं पुसली आणि नव्या नळकांड्यांच्या डबीत ओळीनं लावून ठेवली. मी समोरच खुंटीला होते. ओरडावंसं वाटलं हो! पण बंडीला कुठलं आलंय तोंड?

शनिवारी पहाटे राकेशनं डबीतून दोन उचलली. टोकाला भोक नाही ना, एवढं बघायचं असतं. एरवी तो बघायचाच. पण बाहेर त्याचा मित्र निहार हॉर्न वाजवत होता, "चल यार, लेट होतोय!" राकेशनं न बघताच ती पिळून बसवली.

पहिल्या लाटेनं त्याला खाली दाबलं. त्यानं उजवी दोरी ओढली, मी फुगले आणि तो हसत वर आला. निहार वॉटर स्कूटरवरून ओरडला, "बस झालं, परत जाऊ!"

"अजून एक दोरी आहे ना," राकेश म्हणाला. माझ्यातली हवा सोडून तो पुन्हा गेला.

दुसऱ्या लाटेनं त्याला थेट खडकापर्यंत नेलं. त्यानं डावी दोरी ओढली. माझी कूस रिकामी. त्यानं पुन्हा ओढली, पुन्हा पुन्हा ओढली. त्याची बोटं सैल पडेपर्यंत मी त्याच्या छातीला चिकटून होते आणि काही म्हणजे काही करू शकले नाही. निहारनं त्याला बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता.

राकेशच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला घर माणसांनी भरलं. कमलाबाई शेजारच्या काकूंना सांगत होत्या, "फार पसारा करायचा हो माझा पोरगा. ती नळकांडीसुद्धा मशीनवर टाकलेली. मीच पुसून डबीत भरून ठेवली."

चहाचा ट्रे घेऊन उपासना मागेच उभी होती. ट्रे तिथेच ठेवून ती गॅरेजमध्ये आली, डबी उघडली आणि एकेक नळकांडं उजेडात धरू लागली. एकाच्या टोकाला भोक होतं.

पाठोपाठ कमलाबाई आल्या. "उपासना, खरं सांग. त्या बंडीनंच दगा दिला ना?"

उपासनानं ते नळकांडं मुठीत दाबलं. "हो, आई. बंडीच खराब निघाली."

तेव्हापासून कमलाबाई रोज माझ्यासमोर येऊन उभ्या राहतात. "मेले, तुझ्या भरवशावर गेला गं माझा राकेश!" म्हणून मला बडवतात, रडतात, मग आत जाऊन दोन घास खातात. बडवू देत.

तुम्हाला एकच विनवते. कधी कमलाबाई भेटल्या आणि त्यांनी विचारलं, तर तुम्हीही ठासून सांगा, बंडीच खराब होती.