शिवेवरचा दगड आणि पाद्री हॅडन

मित्रांनो, मी दगड आहे. जुना, गुडघाभर उंच, दिसायला काहीच खास नाही. इंग्लंडातल्या टेकड्यांमध्ये हेझलबर्न आणि कोल्डवेल अशी दोन गावं आहेत, त्यांच्या शिवेवर मी उभा असतो. आता उभा असतो म्हणायचं. मध्ये वीस वर्षं मी गाडलेला होतो.

मला खाणीतून काढलं तेव्हा पाथरवटानं हेझलबर्नकडच्या अंगाला क्रूस कोरला, कोल्डवेलकडच्या अंगाला घंटा कोरली. डोकं गुळगुळीत करायचा मात्र त्यानं कंटाळा केला.

दर मे महिन्यात हेझलबर्नचं अख्खं गाव शीव चालायला निघायचं. पुढं पाद्री, मागं सगळे. नकाशा वाचता येणारे किती असणार? म्हणून शीव पोरांच्या अंगातच भरायची रीत होती. माझ्यापाशी आले की त्या वर्षीच्या पोराला तंगड्या धरून उलटं करायचे आणि त्याचं डोकं माझ्यावर टेकवायचे. टेकवायचे कसले, आपटायचेच. पोरगं भोकाड पसरायचं, मग त्याला गोड पाव आणि मोठ्यांना बिअर. तो दगड ते पोरगं जन्मात विसरायचं नाही.

मग लूक हॅडन नावाचा तरुण पाद्री आला. मनानं सोनं, पण भलता कडक. देवाचं नाव घेऊन गाव पितं, असं म्हणून त्यानं शीव चालणंच बंद केलं. गाव पीत होतं हे खरंच होतं, त्यात वाद नाही. पण माझ्याकडं येणंजाणं संपलं. शेजारी चुन्याच्या भट्ट्या लागल्या, त्यांची खडी माझ्यावर पडत गेली, त्यावर काटेरी झुडपं माजली. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

गंमत अशी की माझ्याजवळ येत राहिला तो हॅडनच. चुन्याची भट्टी रविवारीसुद्धा विझवता येत नाही, मग भट्टीवाले चर्चला जाणार कसे? म्हणून हा स्वतः टेकडी चढून यायचा, एका हॉथॉर्नच्या झाडाखाली उभा राहून ख्रिस्ताच्या गोष्टी सांगायचा. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झालेली ती माणसं आपापल्या भट्टीपाशीच बसून ऐकायची. मातीखालून मीही ऐकायचो.

हे कोल्डवेलच्या पाद्रींना, पेल्हमसाहेबांना, खपलं नाही. एका पाद्रीनं दुसऱ्याच्या हद्दीत विचारल्याशिवाय प्रवचन करायचं नाही, असा कायदा आहे. ते झाड आपल्या हद्दीत आहे, असं म्हणून त्यांनी बिशपच्या कोर्टात तक्रार ठोकली. तक्रार खरी ठरली असती तर हॅडनचा प्रवचनाचा परवाना जाणार होता, आणि परवान्याबरोबर चर्चनं दिलेलं घरही.

गावचा जुना नकाशा ओल लागून कुजला होता. म्हातारे म्हणायचे, दगड असेल तिथंच कुठंतरी. पण कोर्टाला कुठंतरी चालत नाही. आणि पेल्हमसाहेबांच्या जमिनी कसणारे तर तोंडच उघडेनात.

माझ्यावर डोकं आपटलेली बाकीची पोरं शहरांत कामाला गेली किंवा वारली; गावात एकच उरला होता, म्हातारा जेबेझ कोल. हॅडननं एकदा भर चर्चमध्ये त्याला बिअरचं पिंप म्हटलं होतं. तेव्हापासून तो चर्चला फिरकला नव्हता.

हॅडनची बायको हेस्टर त्याला म्हणाली, "शीव चालणं तुम्हीच बंद केलंत. आता जेबेझकडं तुम्हीच जा."

तो गेला. पुढचं मला जेबेझनंच सांगितलं, माझ्यावर बसून, दहादा तरी. हॅडननं दारात टोपी काढली आणि माफी मागितली.

जेबेझ म्हणाला, "पिंप तर पिंप, पाद्रीबाबा. पण रिकामं पिंप टेकडी चढत नाही. बिअर कोण आणणार?"

"मी आणतो," हॅडन म्हणाला.

जागा बघायला बिशपचा वकील आला, मोजायची साखळी घेऊन. पेल्हमसाहेब घोड्यावरून आले. आणि मागून हॅडन, हातात बिअरचा घडा. भट्टीवाले बघतच राहिले.

जेबेझनं दोन घोट घेतले, पाय फाकवले, खाली वाकला आणि तंगड्यांमधून मागं बघायला लागला.

"हे काय माकडचाळे?" पेल्हमसाहेब म्हणाले.

"साहेब, मला शीव उलटीच दाखवली होती," जेबेझ खालूनच म्हणाला. "सुलटी कशी ओळखू?"

दोन टेकड्यांच्या खाचेत चर्चचा कळस बरोब्बर लोंबकळताना दिसला पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. तसाच वाकून तो खेकड्यासारखा सरकत राहिला. डावीकडं. परत उजवीकडं. हॅडनचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

जेबेझ थांबला. "इथं. खणा."

भट्टीवाल्यांनी खणलं. हातभर खाली कुदळ माझ्या डोक्यावर खणकन आपटली. मित्रांनो, इतका छान मार मी कधी खाल्ला नव्हता.

माती झाडली. इकडं क्रूस, तिकडं घंटा. वकिलानं साखळी टाकली. हॉथॉर्नचं झाड क्रुसाच्या बाजूला निघालं, अकरा पावलं आत.

"पण ऐकणारे माझ्या हद्दीत बसत होते," पेल्हमसाहेब म्हणाले.

"कायदा बोलणाऱ्यापुरता आहे," वकील साखळी गुंडाळत म्हणाला. "कानांना शीव नसते. तक्रार मागं घ्या, साहेब."

त्यांनी घोडा वळवला. हॅडन मटकन माझ्यावर बसला. मग हसायला लागला, डोळे पुसत पुसत.

"जेबेझ, असे दगड एकूण किती?"

"सोळा. मला हा एकच ठाऊक. ज्याचं डोकं जिथं आपटलं, त्याला तेवढंच."

"आणि बाकीची डोकी?"

"काही गाव सोडून गेली, बरीच कबरीत. आठ उरलीत."

दुसऱ्या दिवशी सकाळीच हॅडन त्या आठ म्हाताऱ्यांच्या दारात हजर, घडा घेऊन. माझ्यासकट नऊ दगड सापडले. सात अजून मातीखाली आहेत, त्यांची जागा सांगणारं आता कुणी उरलं नाही.

म्हणून सांगतो मित्रांनो, तुमच्याकडं कुणी म्हातारं माणूस असेल, तुम्हाला न आवडणारं असलं तरी, त्याला काय ठाऊक आहे ते आजच विचारून घ्या. आणि वाटेत एखादा जुना दगड काट्यांत दिसला, तर तेवढे काटे बाजूला करा. त्याला बरं वाटतं.