लेख ऐकणारी खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, खुर्चीसाठी माणसे भांडतात म्हणे. माझ्यासाठी कधी कोणी भांडले नाही. सुताराने मला घाईत जोडले, म्हणून माझा एक पाय जन्मापासून ढिला. बसणारा हलला की मी कुरकुरत असे. त्यामुळे माझी रवानगी स्वयंपाकघरात झाली आणि तिथेच माझे भाग्य उजळले.

या घरची सून वर्तमानपत्रात दर आठवड्याला जीवशास्त्रावर लेख लिहिते. प्रत्येक लेख ती आधी सासूबाईंना वाचून दाखवते. सासूबाईंचे आयुष्य शिवणकामात गेले, शाळा लवकर सुटली. त्या माझ्यावर बसून मटार सोलत ऐकत आणि शेवटी "छान आहे गं" म्हणत. पण एखादी ओळ डोक्यावरून गेली की त्या चुळबुळत, मी कुरकुरे, आणि सून त्या ओळीखाली हळूच रेघ मारी. सासूबाईंना तिने हे कधी सांगितले नाही, नाहीतर त्या श्वास रोखून बसल्या असत्या. जखमेवर खपली कशी धरते, हा लेख तिने माझ्यामुळे सात वेळा लिहिला. वाचकांची ढीगभर पत्रे आली. मला कोण अभिमान वाटला!

पुढे ती व्याख्यानांसाठी परगावी गेली असताना तिच्या नवऱ्याने मोठ्या मायेने माझा पाय पक्का केला आणि कुणाला सांगायचे विसरून गेला. मी मुकी झाले. सुनेला वाटले, आता आपला हात बसला. लेख अवघड होत गेले, पत्रे आटली. दोन महिन्यांनी संपादकांचा फोन आला, "बाई, लोकांना काही कळत नाही म्हणतात. पुढचा लेख जमला नाही, तर सदर बंद करावं लागेल."

तो लेख मूत्रपिंडावर होता. सासूबाई चुळबुळल्या. मी सगळा जोर लावला, पण आवाज फुटेना.

"कसा वाटला, आई?"

सासूबाईंनी तिचा उतरलेला चेहरा पाहिला आणि मटारांचे ताट खाली ठेवले. "खरं सांगू? दोन महिने मला ओ की ठो कळलेलं नाही. तू एवढी राबतेस, म्हणून मान डोलवत होते."

"मग बोलला का नाहीत?"

"कळलं का, असं तू कधी विचारलंस? चल, पहिल्यापासून वाच. अडलं की थांबवते."

त्यांनी तिला अकरा वेळा थांबवले. सदर टिकले. माझे काम गेले, पण मला त्याचे जराही वाईट वाटत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची डागडुजी जरूर करा. पण आपले माणूस जीव तोडून काही समजावत असेल आणि तुम्हाला कळले नसेल, तर तोंडाने सांगा. एवढे मोठे काम लाकडावर सोडू नका.