टेनिस खेळलेला पळायचा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. खरं तर आम्ही दोघं आहोत, पण बोलायचं ते उजव्याने आणि डाव्याने नुसतं हो ला हो करायचं, असं आमचं पहिल्यापासून ठरलंय. आज बोलायचंही जिवावर आलंय, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कारखान्यात मला घडवलं ते पळण्यासाठी. तळ मऊ, टाच उंच, अंगावर पातळ जाळीचं कापड. नाकासमोर पळायचं, एवढीच माझी विद्या. दुकानात मला एका आत्याने उचललं. ती दवाखान्यात नर्स होती. दिवसभर उभं राहून तिच्या पायांचे तुकडे पडायचे, त्यामुळे बूट मऊ हवा हे तिच्या डोक्यात पक्कं. भाची टेनिसच्या संघात यावी म्हणून तिने स्वतःसाठी कधी घेतला नसता असा महागडा बूट घेतला. भाचीला दुकानात इकडून तिकडे चालायला लावलं आणि विचारलं, "टोचतोय का गं?"

"नाही आत्या, कापसासारखा आहे."

झालं, खरेदी आटोपली. आडवं पाऊल टाकून बघ, असं कुणी म्हटलं नाही.

टेनिसमध्ये सरळ पळणं थोडंच. डावीकडे धाव, थांब, लगेच उजवीकडे वळ. दर वेळी पोरीचा पाय माझ्या कडेवर रेलायचा. मी त्या पातळ जाळीने तो धरणार तरी कसा? सिमेंटच्या कोर्टावर माझी बोटांकडची बाजू घासून विरली. संध्याकाळी अंग नुसतं ठणकायचं.

शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच आठवड्यात मला उलटं करून पाहिलं. म्हणाले, "हे पळायचे बूट आहेत. टेनिसला तळ सपाट आणि रुंद लागतो, कडा घट्ट लागतात. बदल हे, नाहीतर पाय मुरगळून घेशील." पोरीने मला पुन्हा पायात चढवलं. आत्याला कोणत्या तोंडाने सांगणार? आत्या विचारायची, "बूट कसे आहेत?" आणि ही म्हणायची, "एकदम मस्त." मी बोलूनचालून बूट, माझं कोण ऐकतं?

निवडीच्या सामन्याला आत्या रजा टाकून आली. एक मैत्रीण आपले टेनिसचे बूट द्यायला तयार होती, मापही जुळत होतं. पोरीने बाकावर बसलेल्या आत्याकडे पाहिलं आणि मलाच घट्ट बांधलं. सामना बरोबरीत असताना चेंडू कोपऱ्यात आला. ती आडवी धावली, थांबली, माझा मऊ तळ एका अंगाला दबला आणि तिचा घोटा कलंडला. मला तेव्हा फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

घोट्याला पट्टी आत्यानेच बांधली. सरांनी सगळं सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले.

"मला बोलली का नाहीस गं?"

"तू इतक्या हौसेने आणले होतेस."

संघ पोरीशिवायच स्पर्धेला गेला. आता मला आत्या घालते, माप तिलाही बसतं. दवाखान्याच्या फरशीवर मला बरं जमतं, लोक कौतुकही करतात. पण खरं सांगू, आता कौतुकाचाही शीण येतो.

मित्रांनो, जो खेळ खेळायचा त्याचाच बूट घ्या, आणि घेण्याआधी आडवे सरका, थांबा, वळा. कुणी प्रेमाने आणलेला बूट चुकीचा निघाला, तर त्याच दिवशी सांगून टाका. परवा आत्या म्हणाली, "बदलून आणले असते की, त्यात काय?" तिला वाईट वाटलं असतं ते फार तर संध्याकाळपर्यंत. पोरगी अजून कठडा धरून जिना उतरते.